धोंडीची फिलिम

५ जानेवारी २०२५, रविवार

डायरी लिहायची सवय मला नाही. कारखान्यात रोज रिजेक्शन रिपोर्ट लिहायचो, तेवढंच माझं लिखाण. महिनाअखेरीला शिरोलीच्या फौंड्रीतून रिटायर झालो तेव्हा शाल, नारळ आणि ही डायरी मिळाली. शिवलीला म्हणाली, लिहा काहीतरी, नाहीतर दिवसभर माझ्या आमटीचं इन्स्पेक्शन करत बसाल.

काम मात्र लगेच मिळालं. शाहूपुरीतला आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो स्टुडिओ पाडव्याच्या आत रिकामा करून द्यायचा आहे, इमारत पाडणार आहेत. स्टुडिओ बंद होऊन कैक वर्षं झाली. कॅमेरे कधीच गेले. राहिल्यात त्या निगेटिव्ह. लाकडी पेट्या, बिस्किटांचे डबे, बुटांचे खोके, सगळे गच्च भरलेले. आप्पांना विचारलं काय करू, तर म्हणाले, "कुणाचं तोंड कुणाला पाहिजे आता? भंगारात घाल." चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, हात कापतात, चहाची बशीसुद्धा दोन्ही हातांनी धरावी लागते. पण हे बोलले आणि नंतर जेवले नाहीत.

मी पेट्या घरी आणायचं ठरवलं. पवित्राला बेंगळुरूला फोन केला. ती म्हणाली, बाबा, स्कॅनर पाठवते, सगळं कॉम्प्युटरवर घ्या आणि नीट यादी करा. यादी करणं मला जमतं.

११ जानेवारी

पुढच्या खोलीत टेबल मांडलं. पद्धत बसवली. आधी मऊ ब्रशने धूळ झाडायची, हातमोजे घालून निगेटिव्ह काचेवर ठेवायची, स्कॅन करायची, मग कॉम्प्युटरवर तक्ता भरायचा: साल, पेटी, क्रमांक, कोण आहे, आणि शेवटचा रकाना 'दोष'. ओरखडा, बुरशी, डाग, फोटो हललेला. स्टुडिओचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लंय, पेट्यांवर फक्त साल आहे. त्यामुळे 'कोण' हा रकाना आप्पांनाच विचारून भरावा लागतो.

आप्पा खुर्चीत बसून बघतात. 'दोष' वाचून हसले. म्हणाले, "माणसाच्या तोंडात दोष हुडकतोस व्हय रे?"

मला एक गोष्ट नव्याने कळली. निगेटिव्ह तिरकी धरली की चेहऱ्यावर पेन्सिलच्या बारीक रेघा दिसतात. देवीचे व्रण भरलेले, गालाचे खड्डे भरलेले, डोळ्यांखालचं काळं पुसलेलं. आप्पांची ख्याती याच कामासाठी होती हे ऐकून होतो, पण इतकं बारकाईने कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे कास्टिंगला भोक पडलं की काही लोक लांबी भरून, वरून ग्राइंडर मारून पुढे ढकलायचे. मी नख मारून ओळखायचो. असा एकही नग मी माझ्या हाताखालून जाऊ दिला नाही. आप्पांना हे बोलून दाखवलं.

ते म्हणाले, "तुझं लोखंड मशिनला लागतंय. माझं काम घरात लागतंय."

तरी मी 'दोष' रकान्यात लिहिलंच: चेहऱ्यावर पेन्सिलकाम.

१९ जानेवारी

पवित्राने फेसबुकवर काय टाकलं देव जाणे, दारात माणसं यायला लागलीत. बहुतेक नदीकाठच्या गावांतली. एकोणीसच्या महापुरात ज्यांची घरं बुडाली त्यांचे फोटोही गेले. भांडी परत घेता आली, फोटो कुठून आणणार? इचलकरंजीहून यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ सुट्टीच्या दिवशी आले होते. वडिलांचा फोटो सापडला त्यांचा. उभ्याने बघितला, मग चप्पल काढून खाली बसले आणि परत पहिल्यापासून बघितला.

शिवलीला चहा करून दमते. पण तक्रार करत नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे.

२७ जानेवारी, सोमवार

आज चिमणाबाई म्हणून एक म्हातारी आली. पंचाहत्तरीची असेल. सोबत मुलगा आकाराम, पन्नाशीचा, दुधाचा धंदा आहे. बोलला सगळा तोच.

त्यांच्या घरात एकच फोटो होता. आकारामचे वडील बाळासो, आणि त्यांच्या मांडीवर आकारामची थोरली बहीण धोंडुबाई. धोंडीच्या आधीची दोन मुलं जगली नाहीत, म्हणून हिचं नाव धोंडी ठेवलेलं, दगडासारखी टिकावी म्हणून. आकारामच्या वेळी आई बाळंतपणाला माहेरी गडहिंग्लजकडे गेली. बाळंतपण अवघड झालं, बरेच दिवस दवाखान्यात राहिली. इकडे धोंडी आजीजवळ. बापाने एक दिवस तिला कोल्हापूर दाखवायला आणलं. रंकाळ्यावर नेलं, भेळ खाऊ घातली, आप्पांच्या स्टुडिओत फोटो काढला. आणि पुढच्याच आठवड्यात पोर गोवराने गेली. आई ओली बाळंतीण, तिला महिनाभराने घरी आल्यावर सांगितलं, आणि हा फोटो हातात दिला. पुरापर्यंत तो भिंतीवर होता. बाळासो गेल्या वर्षी वारले.

"आमचा बाप शेवटपर्यंत ती रंकाळ्याची गोष्ट सांगायचा," आकाराम म्हणाला.

म्हातारी इतका वेळ टेबलावरच्या पेट्या बघत होती. एकदाच बोलली. "फिलिम असंल न्हवं? मला फिलिम बघायची हाय."

मी समजावलं की निगेटिव्ह सापडली तर तिच्यावरून फोटो काढून देईन, निगेटिव्ह बघून काही कळत नाही, सगळं उलटं दिसतं. तिने मान हलवली आणि परत तेच म्हणाली, फिलिम बघायची हाय. जाताना तिसऱ्यांदा. म्हाताऱ्या माणसांना फोटो आणि निगेटिव्ह यातला फरक कळत नाही. साल चौऱ्याहत्तर, जोतिबाच्या यात्रेच्या आधी, एवढं लिहून घेतलं.

आप्पा आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले.

८ फेब्रुवारी, शनिवार

चौऱ्याहत्तरची पेटी आज उघडली. उघडल्याबरोबर आंबट भपकारा आला, व्हिनेगरसारखा. फिलिम कुजली की असा वास येतो म्हणे. वरच्या थरातल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून वड्या झाल्या होत्या. मधल्या काही बऱ्या निघाल्या.

दुपारी सापडली. खुर्चीत पटका बांधलेला माणूस, मांडीवर तीनचार वर्षांची पोर. परकर-पोलकं नवंकोरं. स्क्रीनवर सरळ करून घेतली आणि फोटो उत्तम आला म्हणून मी मोठी करून दोष शोधायला लागलो. पोरीचे डोळे मिटलेले होते. फोटो काढताना डोळा मिटला असेल असं वाटलं. मग बापाचा हात दिसला. तो मांडीवर नव्हता. मानेमागून वर गेलेला होता, आणि बोटं दोन्ही बाजूंनी मान धरून होती. तिचे पाय तिने स्वतः टेकवले नव्हते, ते ठेवलेले होते.

मी संगणक बंद केला. शिवलीलाने विचारलं काय झालं, तर डोळे दुखतात म्हणालो.

९ फेब्रुवारी

सकाळी आप्पांची लिंगपूजा झाल्यावर त्यांच्यासमोर बसलो आणि सरळ विचारलं. त्यांनी विभूतीचा हात धोतराला पुसला आणि सांगितलं. म्हणजे बाई आली त्या दिवसापासून त्यांना माहीत होतं.

बाळासो यष्टीने आले होते. पोर घोंगड्यात गुंडाळून खांद्यावर घेतलेली, झोपल्यासारखी. तिकीट काढलं, बसमध्ये कुणाला कळू दिलं नाही. गोवराने पहाटेच गेली होती. आप्पांना म्हणाले, हिची आई दवाखान्यात हाय, तिनं हिला शेवटची बघितली न्हाय. संध्याकाळच्या आत माती द्यायची हाय. फोटो काढा, पण जिवंत पाहिजे.

मेलेल्या माणसांचे फोटो काढायला आप्पांना तेव्हा बोलावणी यायचीच. पण असं कुणी घेऊन आलं नव्हतं. त्यांनी फोटो काढला, मोठा करून छापला, त्या छापील फोटोवर ब्रशने डोळे उघडले आणि त्या फोटोचा परत फोटो घेतला. ही दुसरी निगेटिव्ह वरच्या थरात होती. तिची वडी झाली.

"मग आता?" मी विचारलं.

"मग आता उघड परत."

मी म्हटलं, ते माझ्याच्याने होणार नाही. निगेटिव्हमध्ये जे आहे ते आहे. ती बाई आई आहे, तिला खरं कळायचा अधिकार आहे. पन्नास वर्षं तिला एक खोटी वस्तू दाखवली. आप्पांनी ऐकून घेतलं, भांडले नाहीत. म्हणाले, "त्यो माणूस मेला. त्याचा शब्द मोडायचा तर तू मोड. मी न्हाय मोडणार."

१० फेब्रुवारी

काम केलं नाही.

१४ फेब्रुवारी

शिवलीलाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती माझ्या बाजूने बोलेल. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, अहो, पण त्या बाईने तुमच्याकडे खरं मागितलंय का? तिने फोटो मागितलाय. मी म्हटलं, खोटा नग माहीत असून पास करायचा? ती म्हणाली, ते पोर नग आहे का.

तरी चिडून पवित्राला स्कॅन पाठवला. ती म्हणाली, डोळे उघडणं आता एका मिनिटाचं काम आहे बाबा, कॉम्प्युटर आपोआप करतो. संध्याकाळी फोटो आला. दोन मोठे चकचकीत डोळे, जाहिरातीतल्या बाळासारखे. आप्पांना दाखवला.

बराच वेळ बघून म्हणाले, "ही कोण?"

२१ फेब्रुवारी

आठवडाभर मी आणि आप्पा त्या डोळ्यांवर बसलोय. मीच बसलो, हे मलाही नवल आहे. पवित्राने मला माऊसने रंगवायचं शिकवलं. आप्पा शेजारी बसून सांगतात. बुबुळावरचा उजेडाचा ठिपका डावीकडे घे, खिडकी तिकडं हुती. वरची पापणी जाड कर. पांढरं इतकं पांढरं नसतंय, राखाडी घाल. बापाच्या गालावरची चमक घालव, दिव्याची हाय, ओठबी मिटव. त्यांचा हात थरथरतो पण बोट नेमकं जागेवर येतं.

मी विचारलं, तेव्हा कुणाच्या डोळ्यांवरनं काढले होते? बापाच्या?

"बापाच्या डोळ्यांवरनं कुठलं काढायला येतंय," ते म्हणाले. "तू शाळंतनं आलतास. तुला स्टुलावर बसवलं. हालू नको म्हटलं."

मला आठवतं. खरंच आठवतं. उष्ण दिवा होता आणि डोळ्यांतून पाणी यायचं. आप्पा दर वेळी म्हणायचे, पूस आणि बघ माझ्याकडं. नंतर पेढा मिळाला. कशासाठी बसवलं ते मी कधी विचारलं नाही. सात वर्षांचा होतो.

म्हणजे त्या बाईच्या भिंतीवरून इतकी वर्षं मी तिच्याकडे बघत होतो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपवास. आकारामचा फोन आला, आई रोज विचारती, सापडली का. सापडली म्हणून सांगितलं. सोमवारी येतायत. दोन्ही फोटो छापून आणलेत. डोळे उघडलेला मोठ्या पाकिटात घातला, मिटलेला ड्रॉवरमध्ये ठेवला. उघडलेलाच द्यायचा. मनाला पटत नाही, पण मी ठरवलंय. आप्पांना सांगितल्यावर ते फक्त कानडीत "होगली बिडू" म्हणाले, जाऊ दे, सोड. मला की स्वतःला, कळलं नाही.

३ मार्च, सोमवार

आज जे झालं ते झालं तसंच लिहितो.

दोघं सकाळी आली. चिमणाबाई बसली आणि पहिल्यांदा मुलाला म्हणाली, तू खाली गाडीकडं थांब, पोलीस उचलून नेतील. आमच्या गल्लीत कसले पोलीस. पण तो गेला. आप्पा खुर्चीत होते. शिवलीला दारात उभी होती.

मी पाकीट दिलं. तिने फोटो काढला, खिडकीकडे धरला, पदराने काच पुसावी तसा पुसला. मग उलटा करून मांडीवर ठेवला.

"ह्यो आमच्या घरातच व्हता," ती म्हणाली. "मी फिलिम मागितलीया."

मी परत समजवायला लागलो की फिलिमवरूनच...

"लेकरा, माझ्या धोंडीचा डावा डोळा तिरळा व्हता. जरासाच. आईला दिसायचा." तिने आप्पांकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही दोन्ही सरळ काढलासा. तुमाला कोण सांगणार?"

आप्पांचे हात खुर्चीच्या दांड्यावर वाजायला लागले. मी ते धरले.

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फोटो हातात दिला त्याच दिवशी. मी विचारलं, मग बोललात का नाही? तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. ती सांगत राहिली, रडत नव्हती. नवऱ्याने फोटो दिला, रंकाळ्याचं सांगितलं. ती म्हणाली, बरं केलंसा, लेकीनं रंकाळा तरी बघितला. त्यावर नवऱ्याने बऱ्याच दिवसांनी भाकरी खाल्ली. दुसऱ्या वर्षी त्याच दिवसांत त्याने आणखी सांगितलं, की धोंडीनं हत्ती बघितला. पुढे कधी म्हणायचा फुगा घेतला, कधी म्हणायचा घोड्यावर बसवली. "दरसाली काय तरी वाढवायचं. पोरगी त्येंच्या तोंडात मोठी होत गेली. मी ऐकायचो. मी कशाला मोडू?"

मग म्हणाली, "आता त्यें न्हाईत. आता मला बघू द्या. माझी पोर मी शेवटची बघितली न्हाय."

मी ड्रॉवर उघडला. दुसरा फोटो तिच्या हातात दिला.

तिने आधी पोरीकडे पाहिलं. मिटलेल्या डोळ्यांवरून बोट फिरवलं, मग कपाळावरून, मग पोलक्याच्या गळ्यावरून. ओठ हलत होते, काय म्हणत होती ऐकू आलं नाही. शिवलीला पुढे येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसली. मी आपला बघत राहिलो की बाई कोसळते की काय. ती कोसळली नाही.

नंतर तिचं बोट वर सरकलं आणि थांबलं. ती फोटो अगदी डोळ्यांशी नेऊन बघायला लागली. मला वाटलं काही डाग दिसला.

"ह्यें रडाय लागल्यात," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. इतके दिवस हा फोटो माझ्या स्क्रीनवर होता, मोठा करून करून पाहिला होता, पण पोरीच्याच चेहऱ्यावर. बापाच्या गालावरची चमक मी दिव्याची समजूनच घालवली होती, त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. बाळासोंचं तोंड अर्धवट उघडं होतं, मिशा ओल्या होत्या, आणि गालांवर दिव्याचा उजेड चमकत होता. भिंतीवरच्या फोटोतही आप्पांनी ते असंच पुसलं असणार.

"मास्तर, लई रडलं का वो?"

आप्पा म्हणाले, "दोन फोटो त्याच्यामुळं हाललं. तिसरा हा."

आता ती रडली. लेकीसाठी आधी रडली असेल, पण आज नवऱ्यासाठी रडली. म्हणत होती, माझ्यापुढं कधी न्हाय, कधीच न्हाय, शेतात जाऊन रडत असंल. शिवलीलाने तिला धरलं होतं. मी आणि आप्पा दोघं पुरुष नुसते बसलो होतो.

शांत झाल्यावर तिने तो फोटो पोलक्याच्या आत ठेवला, आणि डोळे उघडलेला हातात घेतला. ह्यो आकारामला, म्हणाली, भिंतीला. त्याला रंकाळा ऱ्हाऊ दे.

जिन्यापर्यंत सोडायला गेलो तेव्हा सांगावं की नाही अशा विचारात होतो, पण सांगून टाकलं, की आप्पांनी ते डोळे माझ्यावरून काढले होते. तिने वळून माझ्याकडे नीट पाहिलं. म्हातारीने माझ्या गालाला हात लावला आणि पायऱ्या उतरायला लागली. आकाराम खालून वर येतच होता.

४ मार्च

तक्ता भरायला बसलो. साल लिहिलं, पेटी, क्रमांक. कोण: धोंडुबाई आणि तिचे वडील बाळासो. 'दोष' रकाना आला. रिकामा ठेवला. मग पहिल्यापासूनचा सगळा तक्ता उघडून, जिथे जिथे 'पेन्सिलकाम' लिहिलं होतं ते काढत गेलो. अजून चालूच आहे.

आप्पा दुपारी म्हणाले, "म्हणजे बाईला माझं काम कळलं. पहिल्याच दिवशी कळलं."

पन्नास वर्षं ते वेगळं समजत होते. एकदम म्हातारे दिसले. इतका नामांकित हात, आणि एका आईने बघता क्षणी रिजेक्ट केला, असं त्यांच्या मनात आलं असावं. मी जन्मभर तेच काम केलं, मला ती नजर कळते.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. म्हटलं, "आप्पा, बाईला कळलं. पण बाळासोंना तिला कळलंय हे कधीच कळलं नाही. ते रंकाळा सांगत सांगत गेले."

आप्पांनी टेबलावरची पुढची निगेटिव्ह स्वतः उचलली, दोन्ही हातांनी खिडकीकडे धरली, आणि कोण आहे ते सांगायला लागले.